नैरोबीत एका दिवसाची कुटुंब-सफारी: अर्ज कुठे अडतो, कोणते कागद आधी जमवायचे

केनियाची परवानगी काढणं आता अवघड राहिलेलं नाही. जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद झाला आणि त्याजागी ऑनलाइन प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए, आली. पण सहलीचा बेत मोडतो तो बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या कागदांवरून. धाकट्याचा पासपोर्ट संपत आलेला असतो, आजीने लस घेतलेली नसते, जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं असतं. म्हणून या लेखात अर्जाची बटणं कुठली दाबायची यावर फार वेळ घालवलेला नाही. ती दिसतातच.

एका दिवसाची सफारी म्हटल्यावर इथे नैरोबी राष्ट्रीय उद्यान धरलं आहे. १९४६ साली स्थापन झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर, शहराला अगदी लागून. सिंह, काळा गेंडा, जिराफ, रानम्हैस, झेब्रा, नशीब असेल तर चित्ता. हत्ती मात्र नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तासांवर आहे, त्यामुळे कामानिमित्त जाणारे, नातेवाइकांकडे जाणारे किंवा पुढे दक्षिण आफ्रिकेला जाताना नैरोबीत विमान बदलणारे लोक सहकुटुंब एक दिवस इथे काढतात. मसाई मारा हे लांबचं प्रसिद्ध अभयारण्य एका दिवसात उरकून देतो म्हणणारे एजंट भेटतील. रस्त्याने एका बाजूचेच पाच-सहा तास जातात. शिवाय तिथलं तिकीट नारोक काउंटीचं, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारचं असतं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळेचं, आणि २०२४ च्या जुलैपासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर पडतात. मुलांना गाडीत बसवून दिवस घालवायचा आणि वर एवढे पैसे भरायचे, तर ज्याची त्याची मर्जी.

सगळ्यात आधी पिवळं कार्ड

तिकीट काढण्याआधी हे वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. पीतज्वराच्या, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र, म्हणजेच हे पिवळं कार्ड, भारतातून थेट जाणाऱ्यांकडे केनिया मागत नाही. ते आपलं सरकार मागतं, आणि तेही परत येताना. भारताच्या यादीत केनिया हा पीतज्वराचा देश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि वैध कार्ड दाखवता आलं नाही, तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. भारतीय पासपोर्ट असला तरी सुटका नाही. ही भानगड नको म्हणून विमान कंपन्या बऱ्याचदा जातानाच कार्ड बघतात.

यावर तीन वाद नेहमी ऐकू येतात. पहिला: आम्ही तर एकच दिवस थांबणार. नियमात दिवसांची सवलत नाही, आणि डासाला तुमचं परतीचं तिकीट दिसत नाही. दुसरा: नैरोबी शहरासाठी लशीची गरज नाही असं इंटरनेटवर वाचलं. ते वैद्यकीय सल्ला म्हणून बरोबरही असेल, कारण नैरोबीत धोका कमी मानला जातो. पण भारताचा नियम शहर बघत नाही, देश बघतो. तिसरा: केनियाच्या अर्जात लस कुठे विचारली आहे? बरोबर आहे, केनियाला तुमच्या परतीशी काय देणंघेणं!

कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. लोक "दहा दिवस आधी" एवढंच लक्षात ठेवतात आणि बरोबर दहाव्या दिवसाचं विमान पकडायला बघतात. पण मोजणी लस टोचल्याच्या तारखेपासून होते, अपॉइंटमेंट घेतल्याच्या तारखेपासून नाही. सरकारी केंद्रांवर लशीचे ठरावीक वार असतात, रोजची संख्या मर्यादित असते आणि सुट्टीच्या मोसमात तारखा लांब जातात. महिनाभर आधी टोचून मोकळे व्हा. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. २०१६ आधीच्या कार्डांवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असते, तीही आता आयुष्यभराचीच धरली जाते.

लस आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं केंद्र आहे, इतर शहरांची नावं मंत्रालयाच्या यादीत बघा. शेजारच्या डॉक्टरांनी लस दिली आणि लेटरहेडवर लिहून दिलं, तर त्या कागदाला विमानतळावर किंमत नाही. जाताना मूळ पासपोर्ट न्या, कारण कार्डावर पासपोर्ट क्रमांक लिहितात. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहून घ्या, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, आणि केंद्रातून बाहेर पडण्याआधी तपासा. घाईत "संजय"चा "संजीव" होतो आणि तो दुरुस्त करायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर कार्डावरचा क्रमांक जुना राहतो. अशा वेळी जुना रद्द झालेला पासपोर्टही सोबत ठेवा.

ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना सरसकट देता येत नाही. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. साठीच्या पुढच्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो, म्हणून आजी-आजोबांचा निर्णय केंद्राच्या दारात नको, घरच्या डॉक्टरांकडे व्हायला हवा. लहान मुलाला नुकतीच गोवराची लस दिली असेल तर दोन्हींमध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात, तेवढा काळ आधीच धरा. डॉक्टरांचं सूटपत्र हातात असलं म्हणजे परतताना विलगीकरण टळेलच, असं समजू नका. त्याबद्दल विमानतळ आरोग्य कार्यालयाकडूनच विचारून घ्या. आणि आजोबांना लस देता येत नसेल, तर हा दौरा त्यांच्याशिवाय करावा की दुसरीकडे कुठे जावं, हे पैसे भरण्याआधी घरात बसून ठरवा.

पासपोर्ट: मोठ्यांचा नव्हे, मुलांचा

नियम सरळ आहे. केनियात उतरल्यापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट वैध हवा आणि त्यात कोरं पान हवं. आई-वडील स्वतःचा दहा वर्षांचा पासपोर्ट बघून निर्धास्त होतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मुलगी दोन वर्षांची असताना काढलेला पासपोर्ट ती सातवीत असताना नव्हे, पहिली-दुसरीत असतानाच संपतो, आणि शेवटचे सहा महिने तो या प्रवासासाठी असून नसल्यासारखा. आज कपाट उघडून घरातल्या सगळ्यांच्या तारखा बघा. नूतनीकरण करायचं असेल तर ते लशीच्याही आधी, म्हणजे कार्डावर नवा क्रमांक येईल.

ईटीए: एका माणसाला एक

अर्ज ईटीएकेनिया डॉट गो डॉट केई या सरकारी संकेतस्थळावर करायचा. गूगलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात, तसाच रंग, तसाच झेंडा, आणि शुल्क दुप्पट-तिप्पट. पत्त्याच्या शेवटी "गो डॉट केई" आहे का एवढं बघा. योजना सुरू झाली तेव्हा मूळ शुल्क माणशी ३० डॉलर ठरलं. प्रत्यक्ष भरताना वर थोडा अधिभार दिसतो. अर्ज नाकारला गेला तर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

तान्ह्या बाळालाही स्वतंत्र ईटीए लागते. कुटुंबाचा एकत्र अर्ज भरता येतो, पण त्यात प्रत्येकाचं पासपोर्टचं पान, फोटो आणि माहिती वेगवेगळी द्यावी लागते. आईच्या अर्जात मुलाचं नाव लिहिलं म्हणजे मूल आलं, हा समज दरवर्षी कुणाला तरी महागात पडतो.

सोबत लागतं ते असं: पासपोर्टच्या माहितीच्या पानाची स्वच्छ प्रत, फोटो, येण्याजाण्याचं तिकीट, राहण्याचं आरक्षण. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत मागून घ्या. "काकांकडे राहणार" एवढं लिहून चालत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी जन्मदाखला आणि आई-वडिलांच्या पासपोर्टची पानं तयार ठेवा. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर न येणाऱ्या पालकाचं संमतीपत्र नोटरी करून घ्या.

आता जन्मदाखल्याचं त्रांगडं. आपल्याकडे कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. बारशाआधी नोंद झाली आणि मग कुणी महापालिकेत फिरकलंच नाही. नाव नंतर घालता येतं, जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत आहे, एका वर्षानंतर विलंब शुल्क लागतं. पण खिडकीवर "उद्या या" ऐकण्याची तयारी ठेवून जा. दुसरं, दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. आईच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि मुलाच्या पासपोर्टवर आई-वडिलांची नावं जुळत असतील तर सहसा भागतं. नसतील तर विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा. आणि दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत काढून घ्या. नैरोबीतल्या कारकुनाला देवनागरी यावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

नाव भरताना आपली तीन पदरी पद्धत गोंधळ घालते. पासपोर्टवर "गिव्हन नेम" या जागी स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. अर्जातही ते तसंच एकत्र लिहा. मधलं नाव गाळू नका, आडनावाच्या जागी सरकवू नका. विमानाच्या तिकिटावरही तेच.

निर्णयाला तीन कामकाजाचे दिवस सांगतात. शनिवार-रविवार आणि केनियाच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, आणि त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. शुक्रवारी रात्री अर्ज करून सोमवारचं विमान गाठू बघणाऱ्यांनी मग कोणाला दोष द्यायचा? दोन-तीन आठवडे आधी भरा. मंजुरी ईमेलवर येते. स्पॅम फोल्डर बघा आणि प्रत्येकाची छापील प्रत जवळ ठेवा.

विमान बदलणाऱ्यांसाठी: विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्यांना ईटीए लागत नाही. पण उद्यान बाहेर आहे, विमानतळात नाही. मधल्या आठ-दहा तासांत सफारी करायची तर सगळ्यांची परवानगी भारतातून निघण्याआधीच हातात हवी. पुढे दक्षिण आफ्रिकेला जात असाल तर केनियातून येणाऱ्या एक वर्षावरील प्रत्येकाकडे ते पिवळं कार्ड मागतात, म्हणजे तिथेही सुटका नाहीच.

उद्यानाचं तिकीट

दारावर रोख पैसे घेत नाहीत. उद्यान चालवणाऱ्या केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी संस्थेचं तिकीट ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवर खातं उघडून काढायचं. तिथे रहिवासी आणि अनिवासी असे दर वेगळे असतात. भारतीय पर्यटक अनिवासी. स्वस्त दिसतो म्हणून रहिवासी दर निवडला तर गेटवर ओळखपत्र मागतात. पुण्या-मुंबईचं आधार कार्ड तिथे चालत नाही, हे सांगावं लागतं याचंच नवल. २०२५ मध्ये दरांची नवी नियमावली आली, म्हणून जुन्या व्हिडिओंतले आकडे धरून हिशोब करू नका. ज्या दिवशी भराल त्या दिवशी पोर्टलवर दिसेल तो दर खरा.

यादीतून जागा निवडतानाही लक्ष द्या. लांगाटा रोडवरच्या मुख्य गेटापाशीच नैरोबी सफारी वॉक आणि ॲनिमल ऑर्फनेज आहेत, दोन्हींची तिकिटं वेगळी. त्यातलं एक काढून गाडीने उद्यानात शिरायला गेलेली कुटुंबं पुन्हा मोबाइल काढून बसतात, मागे गाड्यांची रांग. गाडीचं शुल्क माणसांपेक्षा वेगळं असतं. ते ड्रायव्हर भरणार की तुम्ही, हे आदल्या दिवशीच लिहून घ्या.

पैसे अडकण्याचं साधं कारण म्हणजे आपलं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, ती ॲपमधून स्वतः चालू करावी लागतात. एम-पेसा, म्हणजे तिथली मोबाइलवरून पैसे भरण्याची सेवा, वापरायची तर केनियातला मोबाइल क्रमांक लागतो. शेवटच्या रात्री हॉटेलच्या वायफायवर बसण्यापेक्षा हे घरूनच उरका.

हत्तीची पिल्लं बघायची असतील तर ती शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथालयात. सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ, आधी आरक्षण केलं तरच प्रवेश, आणि तारखा लवकर भरतात. आधी त्यांची तारीख मिळवा, मग उद्यानाचं तिकीट काढा. उलटं केलं की दोन्ही जुळत नाहीत.

शेवटी पिशव्या. २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरही. पाण्याच्या विकतच्या बाटल्या, स्ट्रॉ, प्लास्टिकचे पेले-चमचे गेटवर काढून घेतात. चिवडा-चकल्या स्टीलच्या डब्यात भरा, पाणी धातूच्या बाटलीत. ड्रोन घरीच ठेवा, त्याला केनियात वेगळी परवानगी लागते. गेट सकाळी सहाला उघडतं. सिंह बघायचे तर उघडतानाच आत शिरा, आणि संध्याकाळचं विमान असेल तर दुपारीच बाहेर पडा, कारण मोम्बासा रोडवरची गर्दी कुणाच्या बोर्डिंग पाससाठी थांबत नाही.