तीस हजार प्रती, तीस हजार बँड?

परवा चवथीची आरती संपली, हातातलं घुमट वाद्य अजून खाली ठेवलं नव्हतं, तोच फोंड्याच्या भाच्याने ऐकवलं: "मामा, केळ्याच्या कव्हरची ती रेकॉर्ड तीस हजारच खपली, पण घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला!"

केळं म्हणजे अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं. सुरुवातीच्या प्रतींवर त्याची साल सोलली की आत गुलाबी केळं. अल्बम १९६७ चा, व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडचा पहिला, 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको'.

वाक्य झकास, हिशेब कच्चा. १९८२ मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो मुलाखतीत म्हणाला, की पहिल्या पाच वर्षांतला तीस हजारांचा खप त्याला बँडचा गायक लू रीडने सांगितला. 'प्रत्येकाने बँड काढला' हे शेपूट ईनोने स्वतः जोडलं, तेही गमतीत. म्हणजे ऐकीव आकडा आणि वर थट्टा. रेकॉर्ड कंपनीच्या रॉयल्टीच्या कागदात मात्र फेब्रुवारी १९६९ पर्यंतच अठ्ठावन्न हजारांवर प्रती दिसतात. तेव्हाच्या मानाने हा खपही किरकोळच, ते खरं.

प्रभावाबद्दल वाद नाही. आर.ई.एम. या अमेरिकन बँडने यातली गाणी पुढे गायली. आणि ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी? त्याला ती रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच मॅनेजरने आणून दिली. त्याने विकत घेतलीच नाही, आणि गात तर तो आधीपासूनच होता.

भाचा म्हणाला, "तरी वाक्य भारी आहे." आहेच.