बाळाच्या गळ्यातलं वाघनख

वाघनख म्हटलं की मराठी माणसाला आधी प्रतापगड आठवतो. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली, तेव्हा ती आठवण घरोघरी पुन्हा जागी झाली. इथे मात्र विषय त्या पोलादी हत्याराचा नाही. वाघाचं खरं नख सोन्याचांदीत मढवून गळ्यात घालायची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे आणि तिच्या जुन्या खुणा सापडतात त्या लहान मुलांच्या अंगावर.

गुप्तकाळातल्या मूर्तींमध्ये कार्तिकेयाच्या गळ्यात वाघनखांचा हार दिसतो. बौद्ध शिल्पांत तोच दागिना मंजुश्री या बोधिसत्त्वाला मिळाला आहे. दोघंही ‘कुमार’. शिल्पकाराला देवाचं कोवळं वय सांगायचं असलं की तो गळ्यात वाघनख घालत असे. पुढे सूरदासांचा लोणी खाणारा कृष्ण ‘केहरि-नख’ मिरवतो, आणि तुलसीदासांनी बाळरामाचं रूप वर्णन करताना लिहिलं, ‘हियँ हरि नख अति सोभा रूरी’. हरी म्हणजे इथे सिंह किंवा वाघ, केहरीही तोच; छातीवरचं ते नख फार शोभून दिसतं, असा ओळीचा अर्थ. जो पुढे रावणाला मारणार आहे, त्यालाही पाळण्यात नखाचा आधार द्यावासा वाटावा, यातलं आईपण मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे समजूत हीच होती. दृष्ट लागू नये, बाळ झोपेत दचकू नये, बाहेरचं काही बाधू नये म्हणून दोन नखं बुडाशी जोडून, चंद्रकोरीसारखी कोंदणात बसवून बाळाला घालत. श्रावणात पूजल्या जाणाऱ्या जिवतीच्या कागदावरही बृहस्पती वाघावर बसलेला असतो, आणि ती सगळी पूजा मुलांच्या आयुष्यासाठीच. सह्याद्रीच्या रानात आणि वारली पाड्यांवर वाघोबाला शेंदूर लावून मान दिला जातो. त्याने गुरंवासरं आणि माणसं राखावीत, ही अपेक्षा असते. जो मारू शकतो त्यालाच राखणदार करायचं, हा विचार नखामागेही आहे.

अर्थ पालटला तो शिकारीच्या काळात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी मारलेल्या वाघाची नखं सोन्यात मढवून बायकांसाठी ब्रोच, हार, कानातले करून घेऊ लागले. संस्थानिकांनाही शिकारीची हौस होतीच. आता नख सांगू लागलं की हा वाघ आम्ही मारला. बाळाच्या छातीवरचं नख मोठ्या माणसाच्या छातीवर आलं, जाड साखळीत लटकलं आणि मर्दुमकीची खूण झालं. हा बदल मला खटकतो. राखणीची वस्तू मिरवण्याची झाली आणि तिची मागणीही वाढली.

हिशेब साधा आहे. वाघाच्या पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी एकूण अठरा नखं. दोन नखांचं एक पदक धरलं तर एका वाघाची नऊ पदकं होतात. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरले होते. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. कायद्याने वाघ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत गेला आणि त्याचं नखही. आज वाघनख बेकायदा बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षांची कैद आहे, कमाल सात. आजोबांच्या काळचं आहे, एवढं सांगून सुटका होत नाही. जुन्या वस्तू जाहीर करून मालकीचा दाखला घ्यायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. अनेक घरांना ती कळलीही नाही. दाखला असलेल्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर वस्तू स्वेच्छेने सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही.

बाजारात ‘अस्सल’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ नखं गुरांच्या शिंगांतून किंवा खुरांतून कोरलेली असतात. खऱ्या नखाच्या आत हाड असतं, त्यामुळे क्ष-किरणात फरक कळतो. पण नकली नखाला गिऱ्हाईक मिळतं तोवर खऱ्याचा भावही टिकतो, म्हणून हा धंदा निरुपद्रवी समजू नये.

बाळासाठी दागिना हवाच असेल तर तोच आकार चांदीत घडवून घेता येतो. कार्तिकेयाच्या गळ्यातलं नखही शेवटी दगडातलंच आहे आणि त्याने अर्थ उणा झालेला नाही. घरच्या डब्यात दाखल्याविना खरं नख असेल, तर ते विकू नये, कुणाला भेट देऊ नये, नव्या कोंदणासाठी सोनाराकडेही नेऊ नये. जाणत्या वकिलाला विचारून वन विभागाला कळवावं.