परीक्षा की मोह? ख्रिस्ती अद्भुतकथांमागचा एक जुना पेच

प्रभूची प्रार्थना मुंबईत दोन मराठींत ऐकू येते. भायखळ्याच्या प्रोटेस्टंट मंडळीत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' म्हणतात, तर वसईकडून आलेल्या कॅथलिक घरांत 'मोहात पडू देऊ नकोस'. लहानपणी शेजारच्या मैत्रिणीकडे प्रार्थनेला बसले की या ओळीवर माझी जीभ अडखळायची. पुढे ख्रिस्ती अद्भुतकथा वाचायला लागले, तेव्हा तोच अडथळा पुन्हा भेटला.

मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस'. त्यात दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मात्र एक निवडावा लागतो, आणि निवडला की गोष्टच बदलते. परीक्षा घेणारा वर बसलेला असतो, त्याला आपण पास व्हावं असं वाटत असतं. मोह घालणारा शेजारी येऊन बसतो आणि आपलंच म्हणणं आपल्याला गोड करून ऐकवतो. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूला अरण्यात नेतो आत्मा आणि पारखतो सैतान, म्हणजे एकाच प्रसंगाला दोन धनी. बायबलातलंच याकोबाचं पत्र तर बजावतं, की देव कोणाला मोहात पाडत नाही. मग त्याला 'आणू नकोस' असं विनवायचं कशाला? या प्रश्नावरून युरोपात बरीच भवती न भवती झाली. फ्रेंच कॅथलिकांनी 2017 च्या अखेरीस ही ओळ बदलली, इटालियन मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, 2020 मध्ये बदलली. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांचाही कल बदलाकडेच होता. माझ्या मते प्रार्थना त्यामुळे म्हणायला सोपी झाली, पेच होता तिथेच राहिला.

कथाकारांना हा निवाडा करावा लागत नाही, ही त्यांची चैन. फादर स्टीफन्सच्या 1616 च्या ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराणा'त सैतानासाठी 'देवचार' हा शब्द आहे. कोकण-गोव्याच्या लोकसमजुतीत देवचार म्हणजे गावाचा राखणदार. ओवीत शिरल्यावर तोच फसवणारा झाला. इंग्रजीत त्याआधीच, 1590 च्या एका महाकाव्यात, साधूच्या वेषातला मांत्रिक सत्यरूपी नायिकेची हुबेहूब खोटी प्रतिमा बनवून नायकाला फशी पाडतो. भिक्षा मागायला आलेला रावण पाहिलेल्यांना यात नवल वाटायला नको.

मुंबईपुरता महत्त्वाचा टप्पा 1841 चा. 1678 च्या इंग्रजी यात्रेकरूच्या रूपककथेचं 'यात्रिकक्रमण' हे मराठी रूप त्या वर्षी आलं. मूळ कथेत शुभ्र झगा घातलेला एक माणूस दोघा यात्रेकरूंना म्हणतो, मीही तिकडेच निघालोय, या माझ्यामागून. वाट इतकी हळूहळू वळते, की नगराकडे पाठ झाली तरी त्यांना पत्ता लागत नाही. मग जाळं पडतं. मेंढपाळांनी आधीच सावध केलेलं असतं, वाटेची टिपणही जवळ असते. उघडून बघायचंच राहून गेलं. सोडवायला आलेला तेजस्वी पुरुष जाळं फाडतो आणि वर दोघांना चाबकाने फोडून काढतो. आता हा मोह झाला की परीक्षा?

मराठी ख्रिस्ती गद्य या वाटेने पुढे फारसं गेलं नाही. बाबा पदमनजींच्या 1857 च्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीने विधवांच्या दुःखाचा वास्तव रस्ता धरला, आणि अद्भुताचा प्रांत 1861 च्या 'मुक्तामाले'सारख्या कादंबऱ्यांकडे गेला. गेलं ते गेलंच, असं मला वाटतं.

त्यामुळे विसाव्या शतकातला भरणा इंग्रजीतून आला. 1942 मध्ये सी. एस. लुइसच्या पुस्तकात थोरल्या सैतानाने शिकाऊ भाच्याला लिहिलेली पत्रं आली. 1950 मध्ये त्याच्याच नार्नियाच्या गोष्टींत कपाटातून बर्फाच्या राज्यात शिरणारी मुलं आली. त्यातला एक टर्किश डिलाइटच्या डब्यापायी भावंडांना विकायला निघतो. ब्रिटनमध्ये तेव्हा गोडधोड रेशनवर होतं. (आपला कराची हलवा या मिठाईच्या जवळच्या नात्यातला, तेव्हा मुंबईकराने त्या पोराला फार नावं ठेवू नयेत.) 1986 नंतरच्या अमेरिकी कादंबऱ्यांत देवदूत आणि भुतांची उघड मारामारीच असते. तिथे देवदूत कोण आणि भूत कोण ते पहिल्या पानावर कळतं, त्यामुळे फसायला वावच उरत नाही.

कपाटाच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक 1956 चं. एक वानर गाढवाला सिंहाचं कातडं पांघरतो आणि हाच देव म्हणून लोकांना राबवतो. वाघाच्या कातड्यातलं गाढव आपण पंचतंत्रातच पाहिलंय. तिथलं ओरडल्यावर उघडं पडतं आणि गोष्ट संपते. इथे बिंग फुटल्यावरच खरी पंचाईत सुरू होते. एकदा फसलेले बुटके खऱ्या सिंहासमोरही डोळे उघडत नाहीत. तो पुढ्यात मेजवानी मांडतो, त्यांना तोंडात गवत लागतं. उंची मद्य त्यांना गोठ्यातलं पाणी वाटतं.

आमच्या तरुण संघात हे प्रकरण वाचलं, तेव्हा याला परीक्षा म्हणावं की मोह, यावरच तास गेला. पाळकांनी 'अंधत्व' सुचवलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात ते ठीक, पण यांनी ताक ओतूनच दिलं. फळ्यावर तिसरा शब्द त्या दिवशी कोणी लिहिला नाही.