ट्युरिनच्या कफनाचं वय कसं मोजलं?

‘ट्युरिनचं कफन येशूचंच, शास्त्रज्ञांनी अखेर मान्य केलं’ हा मजकूर बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. ख्रिस्ती मित्रांनी तो श्रद्धेने पाठवला, बाकीच्यांनी कुतूहलापोटी पुढे ढकलला. शास्त्रज्ञांनी असं काही मान्य केलेलं नाही. पण श्रद्धेशी जोडलेल्या वस्तूचं वय तपासता येतं का, हा प्रश्न मोलाचा आहे. येतं, आणि ज्या युक्तीने येतं तिच्या मी प्रेमात आहे.

इटलीतल्या ट्युरिनच्या कॅथीड्रलमधलं हे लिननचं कापड सुमारे साडेचार मीटर लांब, मीटरभर रुंद. त्यावर जखमी पुरुषाची पुढून आणि मागून दिसणारी फिकट आकृती आहे. कापडाचा खात्रीचा इतिहास सुरू होतो तो १३५०च्या दशकात, फ्रान्समधल्या लिरे गावात. १३८९ मध्ये फ्रान्समधल्याच त्रुआ शहराच्या बिशपनेच लिहून कळवलं होतं की ही आकृती रंगवलेली आहे. पहिली जाहीर शंका घेणारा माणूस चर्चमधलाच होता. शास्त्रवचनांकडे वळलं तर बायबलमधल्या चार शुभवर्तमानकारांपैकी मत्तय, मार्क आणि लूक येशूचा मृतदेह लिननच्या वस्त्रात गुंडाळल्याचं सांगतात. योहान विसाव्या अध्यायात वस्त्रं एकीकडे आणि डोक्याचा रुमाल वेगळा पडलेला दाखवतो. कापडावर आकृती उमटल्याचं चौघांपैकी कुणीही लिहिलेलं नाही.

आता कार्बन, कारण कापडाचं वय त्यावरूनच मोजतात. अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनवर आदळून कार्बन-१४ (कार्बनचाच जड, हळूहळू फुटत जाणारा प्रकार) तयार होतो. जवसाचं झाड हवेतून तो घेतं, त्याच्या खोडाच्या तंतूंपासून लिनन बनतं. झाड कापलं की नवा कार्बन येणं बंद, आणि असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. पहिल्या शतकातल्या कापडात आज सुमारे ७९ टक्के उरायला हवा, चौदाव्या शतकातल्या कापडात ९२ टक्के.

अडचण मोजण्याची आहे. एक लाख कोटी कार्बन अणूंमध्ये कार्बन-१४चा एखादाच. एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनमध्ये असे साधारण सहा कोटी अणू असतात, पण त्यातला तासाला जेमतेम एक फुटतो. फुटण्याची वाट पाहायची तर कफनाचा मोठा तुकडा जाळावा लागला असता. म्हणून थेट अणूच मोजायचे. इथे नवा पेच: नायट्रोजन-१४चं वस्तुमान जवळजवळ तेवढंच, आणि नायट्रोजन तर सगळीकडे भरलेला. त्यावरचा उपाय फार देखणा आहे. नमुन्याच्या ग्रॅफाइटवर सिझियम या धातूचा मारा करून ऋण आयन (एक इलेक्ट्रॉन जास्त असलेले अणू) काढतात. कार्बन ऋण आयन सहज बनतो. नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. तो दारातच गळतो. उरतात कार्बन-१३ला हायड्रोजन चिकटलेले, १४ वजनाचे रेणू. हा झोत वीसेक लाख व्होल्टने पळवून विरळ वायूतून नेला की इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात, आयन धन होतात आणि रेणू फुटतात. पुढे चुंबक वस्तुमानानुसार वाटा वेगळ्या करतात, आणि शेवटी कार्बन-१४ एकेक करून मोजला जातो.

१९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोनाच्या प्रयोगशाळांनी कफनाच्या चिमुकल्या तुकड्यांवर हेच केलं. सोबत वय माहीत असलेली कापडंही तपासायला दिली. त्यातलं एक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन ममीचं लिनन होतं. आपल्या कमाटीबागेतल्या म्यूझियममधली ममी आठवा, तशीच कुणीतरी. तिचं वय बरोबर आलं. कफनाचं आलं इ.स. १२६० ते १३९०.

‘कापडावर मळ आणि जंतू साचले म्हणून वय कमी आलं’ हा आक्षेप नेहमीचा. गणित करून पाहा: पहिल्या शतकातलं कापड चौदाव्यातलं दिसायला त्यातला सुमारे दोन तृतीयांश कार्बन आजच्या मळाचा असावा लागेल, तोही धुऊन-साफ केल्यावर उरलेला. मग ते कापड कुठे राहिलं?

फिरणाऱ्या मजकुराचा आधार २०२२चा एक इटालियन अभ्यास आहे. एका धाग्यातलं सेल्युलोज किती जीर्ण झालंय ते त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं. जीर्ण होण्याचा वेग तापमान आणि दमटपणावर ठरतो. लेखकांनीच लिहिलंय की दोन हजार वर्षं हे वय जमायला कफन आधीची तेरा शतकं २० ते २२.५ अंशांत राहिलेलं असायला हवं. ही अट मथळ्यात येत नाही. १९९५ मध्ये गणपती दूध पितो म्हणून आपल्याकडे रांगा लागल्या, तेव्हाही पृष्ठताणाचा खुलासा बातमीच्या मागे राहिला होता. धर्म कुठलाही असो, अर्धवट विज्ञान सांगून श्रद्धाळू माणसाची फसवणूक होते, याचा मला राग येतो.

कार्बन येशूच्या पुनरुत्थानाबद्दल काहीच सांगत नाही, तो जवस कधी कापला तेवढं सांगतो. १९८८च्या चाचणीतही एक कच्चा दुवा आहे: सगळे तुकडे एकाच कोपऱ्यातले. मूळ आकडे २०१७ मध्ये खुले झाल्यावर तीन प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी पुरेसे जुळत नसल्याचंही दिसलं. पण ही तफावत आहे ती मध्ययुगातल्या मध्ययुगातच. पहिल्या शतकाच्या जवळपासही एकही आकडा जात नाही. कापडाच्या मधल्या भागातून नवे धागे द्यायचे की नाही, हे पोपच्या हातात आहे, कारण १९८३पासून कफनाची मालकी पोपकडे आहे.