केबिन घ्यावी मधोमध

एसटीत चढल्यावर आई कधीच मागे जात नाही. गाडी निम्मी रिकामी असली तरी ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली खिडकी शोधते, आणि तिथे कुणी बसलेलं असेल तर त्याला विनंती करून जागा बदलून घेते. मागच्या चाकापलीकडचा शेवटचा बाक म्हणजे तिच्या लेखी शिक्षा. खड्डा एकच असतो, पण मधल्या प्रवाशाला नुसता धक्का बसतो आणि शेवटच्या बाकावरचा माणूस सीटवरून उडतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुंबई–लक्षद्वीप क्रूझचा बेत केला, तेव्हाही तिचा पहिला प्रश्न तोच होता: "मधली जागा मिळेल ना?" बुकिंग करणारा तरुण मात्र मोठ्या उत्साहाने सगळ्यात वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची, बाल्कनी असलेली केबिन सुचवत होता. तीच महाग होती, म्हणून तीच चांगली असणार असं आम्हालाही वाटत होतं. घरी येऊन मी डेकचा नकाशा उघडला आणि हिशोब मांडला. एसटीचा नियम समुद्रावर जसाच्या तसा लागू पडतो, आणि आई बरोबर होती.

जहाजावरच्या केबिनी ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि ऐसपैस स्वीट. आकार आणि सजावट सोडली तर त्यांचे दर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतात, दृश्य किती मोकळं आणि मजला किती उंच. शहरातल्या इमारतीतही असंच असतं. पण इमारत हलत नाही.

जहाज हलतं, आणि ते कसं हलतं हे कळायच्या आधी आपल्या कानात काय चालतं ते पाहायला हवं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांच्यातला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण्याची खबर मिळते. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतल्या जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. आपण वर उचलले गेलो, खाली गेलो किंवा पुढे ढकलले गेलो की हे स्फटिक जडपणामुळे मागे राहतात आणि खालच्या केसांसारख्या पेशी वाकवतात. लिफ्ट सुटताना पोटात जो गोळा येतो, त्याची पहिली बातमी इथूनच जाते.

आता बंद केबिनमध्ये बसलेला माणूस घ्या. कान सांगतो, तू वर-खाली होतो आहेस. डोळ्यांना मात्र भिंत, पलंग, टेबल सगळं जागच्या जागी दिसतं, कारण तेही त्याच्याबरोबरच हलत असतं. दोन साक्षीदार दोन वेगळ्या साक्षी देतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते, असं आजचं सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. ज्यांच्या आतल्या कानाची ही तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्णपणे निकामी झालेली असते, त्यांना बोट लागत नाही. अंध व्यक्तींना मात्र लागू शकते. म्हणजे या तक्रारीचं मूळ कानात आहे.

मराठीत आपण 'बोट लागली' म्हणतो, 'गाडी लागली' म्हणतो. ऊन लागावं, नजर लागावी तसं. त्रास वाहनाकडून अंगाला येऊन चिकटतो ही कल्पना मला फार नेमकी वाटते, कारण तो किती चिकटेल हे खरोखरच वाहनाच्या हालचालीवर ठरतं.

त्यातही सगळ्या हालचाली सारख्या नसतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत शेकडो तरुणांना एका बंद खोलीत बसवून ती खोली यंत्राने वर-खाली हलवली गेली. वेग बदलले, उंची बदलली. सर्वाधिक त्रास झाला तो साधारण पाच-सहा सेकंदांत एक झोका पूर्ण होत असताना. याहून खूप जलद हालचालीने अंग खिळखिळं होतं, पण उलटी फारशी होत नाही. याहून खूप संथ हालचाल शरीर सहन करतं. पुढे ब्रिटनमध्ये २० हजारांहून अधिक जलप्रवाशांची पाहणी झाली. त्यांतल्या ७ टक्के लोकांना उलटी झाली होती, आणि त्रासाचं प्रमाण सगळ्यात जास्त जुळत होतं ते जहाजाच्या उभ्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या हालचालीशी.

केबिन निवडताना हे लक्षात ठेवायचं. आपल्याला वर-खाली होणं टाळायचं आहे.

समोरून लाट आली की जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचललं जातं आणि मागचं टोक बसतं, मग उलट. मुलं बागेत सीसॉवर खेळतात तसंच हे चालतं. सीसॉच्या टोकावरचं मूल हवेत जातं आणि मधल्या दांड्याजवळ बसलेलं जवळपास तिथेच राहतं. दोनशे-सव्वादोनशे मीटर लांबीचं जहाज धरू. ते फक्त १ अंशाने कललं, म्हणजे डोळ्यांना जाणवणारही नाही इतकं, तर मध्यापासून ९० मीटर पुढे असलेली केबिन दीड मीटरहून थोडी जास्त वर जाते आणि तेवढीच खाली येते. एक झोका आठ सेकंदांचा असेल, तर तिथे वजनकाट्यावर उभ्या असलेल्या ६० किलोच्या माणसाचं वजन दर झोक्यात सुमारे ५४ ते ६६ किलोंच्या मध्ये फिरत राहील. रात्रभर. तोच काटा मध्यापासून १५ मीटरवर ठेवला तर फरक जेमतेम १ किलोचा. संपूर्ण जहाज एकसंध वर-खाली होतं ती हालचाल यात धरलेली नाही, ती सगळीकडेच असते. टोकाला तिच्यात ही भर पडते.

सीसॉचा आस मात्र अगदी मधोमध नसतो. बहुतेक जहाजांचा पुढचा भाग निमुळता आणि मागचा रुंद असल्यामुळे तो थोडा मागे सरकलेला असतो. म्हणून मधली केबिन मिळत नसेल तर थोडी मागची घ्यावी, पुढची नको.

आता झोका आठ सेकंदांचाच का धरला, ते सांगतो. अरबी समुद्रात दोन वेगळ्या दिशांनी दूरवरून लाटा येतात. हिवाळ्यात इराणच्या आखातावरून 'शमाल' नावाचे वायव्येचे वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. या लाटा तुलनेने आखूड असतात, आणि मोठं जहाज एकाच वेळी अशा दोन-तीन लाटांवर पसरून बसतं, त्यामुळे फारसं डुलत नाही. दुसऱ्या लाटा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. केरळच्या किनाऱ्यावर त्या अचानक घरांत घुसतात तेव्हा तिथले लोक त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. या लाटा लांब असतात. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीच्या आसपास आली की जहाज खऱ्या अर्थाने सीसॉ होतं.

खोल पाण्यात २१० मीटर लांबीची लाट ताशी साधारण ६५ किलोमीटर वेगाने धावते. जहाज ताशी ३० किलोमीटरने तिच्यावर चालून जात असेल, तर एका शिखरानंतर दुसरं शिखर बरोबर आठ सेकंदांनी गाठ घालतं. पाच-सहा सेकंदांच्या त्या वाईट टप्प्याच्या हे फार जवळ आहे. पण तीच लाट मागून येत असेल तर दोन शिखरांमधलं अंतर २१ सेकंदांवर जातं आणि पोटाला पत्ताही लागत नाही. दक्षिणेच्या लाटा असताना लक्षद्वीपला जातानाचा प्रवास जड आणि परतीचा हलका का वाटू शकतो, याचं उत्तर एवढ्या भागाकारात आहे. आपल्याकडची क्रूझ मुख्यतः पावसाळा सोडूनच्या महिन्यांत चालते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोळी बांधवांना यामागचं शहाणपण कुणी शिकवावं लागलं नाही.

मग मजल्याचं काय? उंचीचा संबंध येतो तो आडव्या हेलकाव्यांशी, म्हणजे जहाज डावीकडून उजवीकडे कलतं तेव्हा. जितकं उंच, तितका झोका मोठा, डोलकाठीच्या टोकासारखा. पण या हेलकाव्यांवर माणसाने तोड काढली आहे. जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंख असतात, आणि गरज पडली की ते बाहेर काढता येतात. जहाज एका बाजूला कलू लागलं की हे पंख विमानाच्या पंखांसारखे कोन बदलतात आणि पाण्याच्या प्रवाहातून उलट दिशेचा जोर मिळवतात. १९३६ मध्ये 'आयल ऑफ सार्क' या ब्रिटिश जहाजावर असे पंख बसवले गेले, आणि आज मोठ्या क्रूझ जहाजांवर ते असतातच. त्यांच्यामुळे आडवे हेलकावे खूपच कमी होतात. मात्र सीसॉसारख्या हालचालीपुढे ते हतबल आहेत; दोनशे मीटरचं धूड टोकाकडून उचलणारी लाट एवढ्याशा पंखांना आवरत नाही. शिवाय पाणी वेगाने वाहत असेल तरच ते काम करतात. लक्षद्वीपला मोठं जहाज खाजणाबाहेर, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्याबाहेर, थांबतं आणि प्रवासी छोट्या बोटींनी बेटावर जातात, तेव्हा थांबलेल्या जहाजावर पंखांचा जोर उरत नाही.

यातून माझ्यापुरता निष्कर्ष निघाला तो असा: खालचा मजला चांगलाच, पण मजल्यापेक्षा लांबीतली जागा जास्त महत्त्वाची. आठव्या मजल्यावरची मधली केबिन चौथ्या मजल्यावरच्या नाळेतल्या केबिनपेक्षा सुखाची.

हे कुणाला आधी कळलंच नव्हतं असंही नाही. शिडाच्या जहाजांवर मानाच्या खोल्या मागच्या टोकाला असत. वाफेचं इंजिन आणि जहाज ढकलणारा मागचा पंखा (प्रोपेलर) आल्यावरही ती प्रथा चालू राहिली, आणि श्रीमंत प्रवासी सगळ्यात जास्त थरथरणाऱ्या, उसळणाऱ्या जागी झोपत राहिले. १८७१ मध्ये व्हाइट स्टार लाइनच्या 'ओशनिक' जहाजाने पहिल्या वर्गाच्या खोल्या मधोमध आणल्या, आणि पुढच्या अटलांटिक जहाजांनी तोच कित्ता गिरवला. त्या काळात जास्त पैसे मोजून माणूस स्थिरता विकत घेत असे. नंतर दृश्याला किंमत आली. १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस'वर प्रवाशांची एकही केबिन आतली नव्हती, आणि पुढच्या काळात बाल्कनी ही क्रूझची ओळखच झाली. स्थिर जागा आज मधल्या-खालच्या मजल्यांवर तुलनेने स्वस्तात मिळते. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे, आणि ती कुणी आपणहून सांगत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

खिडकी हवी की नको, हा प्रश्न इतका सरळ नाही. क्षितिज दिसलं की डोळ्यांची साक्ष कानाशी जुळते आणि मळमळ कमी होते. म्हणून जागेपणी खिडकी उपयोगी. पण पाठीवर आडवं होऊन डोळे मिटले तरीही त्रास कमी होतो, आणि तेवढ्यासाठी बिनखिडकीची केबिन पुरते. दिवसभर डेकवर राहून फक्त झोपायला खोलीत येणाऱ्याने मधली, आतली केबिन घेऊन पैसे वाचवावेत. खोलीत पडून राहणारा, लहान मुलं सोबत असलेला किंवा आजारी माणूस असेल तर खिडकी घ्यावी. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट जास्त लागते, हेही लक्षात असू द्यावं. आतल्या केबिनची आणखी एक गोष्ट म्हणजे तिथला अंधार. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदू झोपेचं मेलाटोनिन आवरतं घेतो. तो उजेडच नसेल तर नऊ वाजले तरी अंग पहाटेसारखं जड राहतं. २०११ मध्ये 'डिस्ने ड्रीम' जहाजावर आतल्या केबिनींत गोल खिडकीच्या आकाराचे टीव्हीसारखे पडदे बसवले गेले आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांतून थेट समुद्र त्यांवर दाखवला जाऊ लागला. कल्पना मला आवडली.

झोपेचा दुसरा शत्रू आवाज. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात ५००० मीटरहून अधिक, आणि वाटेत फारसा विरतही नाही. जहाज म्हणजे एकमेकांना जोडलेलं पोलादच. म्हणून अगदी खालच्या मागच्या केबिनींत पंख्याची घरघर गादीतून येते. अगदी पुढच्या केबिनींत पहाटे नांगराचे साखळदंड आणि धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारी यंत्रं जागं करतात. पोहण्याच्या तलावाखालच्या केबिनीत सकाळी सहाला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. नकाशावर आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघायचं: दोन्ही मजल्यांवर केबिनीच असतील तर ती जागा शांत. दोन केबिनींना जोडणारं आतलं दार असेल तर शेजाऱ्याचं खोकणंही ऐकू येतं. आणि खिडकीची केबिन घेताना समोर जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना, एवढं विचारून घ्यावं.

आम्ही शेवटी खालून तिसऱ्या प्रवासी मजल्यावरची, मध्यापासून थोडी मागची, खिडकीची केबिन घेतली. आईने आल्याच्या वड्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सोबत ठेवली होती. गोळी घ्यावी लागली नाही. डावी बाजू की उजवी, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. मुंबईहून दक्षिणेला जाताना उजवी बाजू पश्चिमेला असते, आणि परतताना तीच पूर्वेला. आईने उजवी निवडली. जाताना संध्याकाळी खिडकीत सूर्य बुडताना दिसला, आणि परतीच्या दिवशी ती सकाळी मला हलवून उठवत होती, त्याच काचेतून तो वर येत होता.