नेटचा वेग आणि नेटचा विलंब
इंटरनेटवरच्या फोनचा आवाज तुटू लागला की आपल्याकडे निदान एकच, ‘नेट स्लो आहे’, आणि उपायही एकच, मोठा प्लॅन. वेग म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, हे सर्वांना पाठ आहे. मात्र जी.७११ या जुन्या, जागा खाणाऱ्या कोडेकलाही (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीलाही) एका दिशेने सेकंदाला जेमतेम ९० किलोबिट लागतात. १०० मेगाबिटच्या प्लॅनमध्ये ते कोपऱ्यातही दिसणार नाहीत.

घोडे अडते ते विलंबापाशी. आवाजाचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वेळेवर पोहोचावा लागतो. सिनेमा पुढचा पुढचा भरून ठेवता येतो. बोलणे ठेवता येत नाही, कारण समोरचा माणूस ते अजून बोललेलाच नसतो. फार उशिरा आलेला तुकडा हरवल्यातच जमा. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. पण तो स्थिर नसेल, सारखा खालीवर होत असेल, तर त्याआधीच शब्द गळू लागतात.

शहापुरात आमच्या शेजारच्या मावशींनी पुण्याच्या मुलाशी नीट बोलता यावे म्हणून प्लॅन ४० वरून १०० वर नेला, तरी रात्री नऊला आवाज तुटायचाच. स्पीड टेस्ट मात्र दिमाखात ९४ दाखवी. (मोकळ्या लाइनवर घेतलेला हा आकडा नाचवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.) मी पिंग, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात याची मोजणी, चालू ठेवून पाहिले: १८, १९, १८, आणि नातवाचा मोबाइल फोटो चढवू लागताच ४२०. गळिताच्या हंगामात रेल्वे गेटपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटर अडकावी, तसे आवाजाचे तुकडे अपलोडच्या रांगेत फोटोंमागे अडकत होते. प्लॅन वाढवला तरी फोटो मिळेल ती सगळी जागा व्यापतात. रांग लवकर संपते, पण ती लागायची थांबत नाही.

राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे रांग आटोक्यात ठेवणारी सोय, असेल, तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी, म्हणजे रांग त्याच्याच ताब्यात राहते आणि आवाजाला लगेच वाट मिळते. मावशींच्या राउटरला ती सोय नव्हती, म्हणून फोटो मध्यरात्रीनंतर चढतील असे केले. वायफायवर असाल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा. टेबलावरच्या फोनला मात्र मी केबलच जोडतो. ती भिंतीवर वाईट दिसते ही घरच्यांची तक्रार मी ऐकून घेतो, मान्य करत नाही.