घोरपड

व्हॅरॅनिडी कुलातील मोठ्या आकाराचा सरडावर्गीय प्राणी. शास्त्रीय नाव व्हॅरॅनस बेंगालेन्सिस (दोदँ, १८०२). संस्कृत साहित्यातील ‘गोधा’ ती हीच असावी. प्रसार आग्नेय इराणपासून भारत, श्रीलंका व म्यानमारपर्यंत. त्याच्या पूर्वेकडील घोरपडीला पूर्वी हिचीच उपजाती समजत. तिच्या डोळ्यांवरील खवले मोठे असल्याने ‘नेब्युलोसस’ ही वेगळी जाती मानण्याकडे आता कल आहे, व तो ग्राह्य वाटतो.

शेपटीसह लांबी सुमारे १.७५ मी.पर्यंत. शेपटी धडापेक्षा लांब, दोन्ही बाजूंनी चपटी. रंग करडा किंवा तपकिरी. पिल्लांच्या अंगावर पिवळे ठिपके असतात. नाकपुडी तिरक्या फटीसारखी, डोळ्याच्या जवळ. दुभंगलेली जीभ आतबाहेर करीत ती वास टिपते.

माळ, बांध व पानगळीच्या जंगलात ती दिवसा वावरते. खाणे मुख्यतः भुंगेरे व इतर कीटक. शिवाय विंचू, गोगलगाई, बेडूक, उंदीर, अंडी. मादी पावसाळ्याच्या सुमारास बिळात किंवा वारुळात अंडी घालून तोंड बुजवते. जवळच एकदोन खोटी बिळेही उकरते.

दगडाच्या कपारीत शिरलेली घोरपड अंग फुगवते, नख्या रोवते. मग शेपटी ओढूनही ती निघत नाही. तिच्या पकडीची ख्याती यातूनच झाली असावी. मुधोळच्या घोरपडे घराण्याचे आडनाव १४७१ च्या सुमारास घोरपडींच्या साहाय्याने खेळणा (विशाळगड) किल्ला सर केल्यावरून पडले, असे त्या घराण्याची फर्माने सांगतात. फर्मानांच्या अस्सलपणाविषयी मात्र मतभेद आहेत. सिंहगडावर (१६७०) तानाजीने कड्यावर चढण्यासाठी लावलेली ‘यशवंती’ घोरपड पोवाड्यातून घरोघरी पोचली. सभासद बखरीत दोघे मावळे वानरासारखे कडा चढल्याचे म्हटले आहे, घोरपडीचा उल्लेख नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही बखरच जवळची वाटते : घोरपडीची पकड कपारीत अंग अडकल्यावरची आहे, उघड्या कड्यावर माणसाचा भार पेलण्याची नव्हे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश असूनही मांस, कातडे व तेलासाठी तिची शिकार होते. पूजेसाठी ‘हाथाजोडी’ नावाची मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू बहुधा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ती कोणत्याही झाडाची मुळी नाही, हे घेणाऱ्याला कळणे फार गरजेचे आहे.